रस सासऱ्यांना, चोथा मला

संत्र्याला साल कशासाठी असते, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. आतला रस माझ्यासारख्याच्या हाती लागू नये म्हणून असते.

तोवर माझा आणि फळांचा संबंध ती चिरून, बशीत घालून समोर येण्यापुरताच होता. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. लोकांचे दावे कुठल्या कागदाअभावी नामंजूर करता येतील ते बघणं, हे माझं काम. त्यात फळं येत नाहीत. मग सासऱ्यांचा जबडा मोडला आणि फळं आली.

सासरे चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे लोकांच्या चुका शोधण्याचा पगार घेत होते. निवृत्तीनंतर तेच काम फुकट करतात. आमच्याकडे चार दिवस राहायला आले, तर इमारतीच्या फाटकावर नवीकोरी पाटी: ‘येथे गाडि लावू नये’. दोन दिवस त्यांनी कशीबशी कळ काढली. तिसऱ्या दिवशी स्टूल आणि रंगाचा ब्रश घेऊन खाली गेले. पाटीवरची वेलांटी दीर्घ झाली, स्टूल कलंडलं आणि सासऱ्यांचं बोलणं कायमचं ऱ्हस्व झालं. निदान आम्हाला तसं वाटलं.

डॉक्टरांनी खालचे-वरचे दात एकमेकांना तारेनं बांधून टाकले. “सहा आठवडे तोंड उघडणार नाही,” ते म्हणाले. हे ऐकून माझा चेहरा जरा उजळला असावा, कारण बायकोनं मला कोपरानं ढोसलं. “फक्त पातळ पदार्थ. दाढेमागे फट आहे, तिथून नळीनं घ्यायचं. फळांचे रस भरपूर द्या, पण नीट गाळून. एक तंतू जरी तारेत अडकला तरी पंचाईत. आज वजन बावन्न आहे. पन्नासच्या खाली गेलं, तर नाकातून नळी घालावी लागेल.”

नाकातली नळी म्हटल्यावर सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ती मीच घालणार होतो.

बायको शाळेत शिकवते. परीक्षा सुरू होत्या, तिला रजा मिळेना. सकाळ-संध्याकाळचं सूप तिनं घेतलं, दिवसाचे पाच रस माझ्याकडे आले. मी रजेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात घाईत लिहून गेलो, ‘सासऱ्यांचा रस काढणे’. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “इतकी वर्षं दबा धरून बसला होतास होय?” रजा मात्र लगेच मंजूर केली. त्यांनाही सासरे आहेत.

पहिल्या दिवशी मी मिक्सर लावला. घर्रर्र झालं आणि आतल्या खोलीतून टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज आला. सासरे दोन्ही हातांनी गाल धरून बसले होते. त्यांनी गळ्यात अडकवलेल्या वहीत लिहिलं, ‘बंद करा. तारा वाजतात.’ मिक्सरच्या आवाजानं म्हणे त्यांच्या तोंडातल्या तारा गुणगुणायच्या आणि ती कळ थेट मेंदूत जायची.

“अहो, मग आता रस काढायचा कसा?” बायकोनं विचारलं.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, “त्यात काय? मिक्सर यायच्या आधी माणसं रस पीत नव्हती का? दोन हात आहेत, किसणी आहे, गाळणं आहे. सुशिक्षित माणसाला आणखी काय लागतं?”

“बघा हं,” ती म्हणाली. वीस वर्षांच्या संसारात ‘बघा हं’ या दोन शब्दांनंतर चांगलं असं काही घडलेलं नाही.

मी संत्रं मधोमध कापलं, अर्धी फोड मुठीत धरली आणि सगळा जोर लावून पिळली. पहिली चिळकांडी उजव्या डोळ्यात गेली. डोळा चोळायला डावा हात वर केला, तर त्या हातात दुसरी फोड. मग डावा डोळाही गेला. उरलेला रस कोपरापर्यंत ओघळला आणि तिथून थेट उघड्या राहिलेल्या चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये. पेल्यात दोन चमचे रस आणि सहा बिया पडल्या.

तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या घरातले थिअरीकाका होते. कुठल्यातरी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांचं खरं नाव दारावर आहे, पण कुणी वाचत नाही, कारण कुठल्याही गोष्टीवर त्यांची थिअरी तयार असते.

“रडताय का?” त्यांनी विचारलं.

“संत्रं,” मी म्हणालो.

“थेट पिळलंत? अरेरे! आधी फळाला बेसावध करायचं असतं. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. मग ओट्यावर तळव्याखाली दाबून गोल गोल फिरवा. आतल्या पिशव्या फुटतात. मग कापा आणि काटा चमचा आत खुपसून फिरवा. माझी थिअरी आहे.”

आता थिअरीकाकांचं ऐकायचं नाही, असा आमच्या इमारतीचा अलिखित नियम आहे. त्यांचं ऐकून पहिल्या मजल्यावरच्यांनी टाकी धुतली, तेव्हा आठ दिवस सगळ्यांच्या नळाला फेस येत होता. पण माझे दोन्ही डोळे मिटलेले होते. आंधळ्याला वाट दाखवणारा मिळाला की तो वाटाड्याचं प्रगतिपुस्तक मागत नाही. मी तसंच केलं, आणि सांगायला लाज वाटते, एका संत्र्यातून पाऊण पेला रस निघाला.

सासऱ्यांनी नळी लावली, एक घोट घेतला, थांबले आणि वही उघडली. ‘बी. डावीकडून दुसरी.’

दुसऱ्या दिवशी सफरचंद. ते कोमट पाण्यात ठेवलं, ओट्यावर फिरवलं, काटा खुपसला. त्यानं दाद दिली नाही. काका म्हणाले, “सफरचंदाला पिळत नाहीत, किसतात. कीस फडक्यात बांधा आणि धुणं पिळतो तसं पिळा.” मी किसायला घेतलं. सफरचंद किसता किसता कुठे संपतं आणि बोटं कुठे सुरू होतात, हे किसणीला कळत नाही. फडकं पिळता पिळता रसाचा रंग आधी पिवळा, मग तपकिरी होत गेला. वहीत उत्तर आलं: ‘रंग गंजाचा. चव बरी. यात आपलंही काही गेलं आहे का?’ मी बोटांना पट्ट्या लावून उभा होतो.

खरं संकट डाळिंबानं आणलं.

काकांची थिअरी अशी, की डाळिंबाची अर्धी फोड पातेल्यावर पालथी धरायची आणि पाठीवर पळीनं बडवायचं, दाणे आपोआप गळतात. गळले. मग ते दाणे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे, तोंड बांधायचं आणि वरून हलक्या हातानं लाटणं फिरवायचं. “हलक्या हातानं,” काका तीनदा म्हणाले. पण सकाळी बायको शाळेत निघताना मला म्हणाली होती, “जमत नसेल तर सांगा, मी डबाबंद रस आणते.” मग हात हलका राहील कसा? पिशवी फुटली. भिंत, छत, दिनदर्शिका, काकांचा चष्मा, सगळं लाल. दुपारी बायको आली आणि दारातच पिशवी टाकून ओरडली, “बाबा कुठायत?”

बाबा आत वर्तमानपत्रातल्या चुका मोजत बसले होते. ते सुखरूप आहेत हे पाहिल्यावरच तिनं मला बोलायला सुरुवात केली.

मी मुकाट्यानं स्वयंपाकघर धुतलं आणि घाण पाणी बादल्या भरभरून गॅलरीतल्या मोरीत सोडलं. मोरी तुंबलेली होती. पाणी गॅलरीच्या कडेवरून खाली गेलं, जिथे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आपले सात पांढरे शर्ट वाळत घालतात. सेक्रेटरी रोज पांढराच शर्ट घालतात, कारण त्यांच्या मते सेक्रेटरी हे मोठं पद आहे. त्यानंतर कित्येक दिवस त्यांना गुलाबी छटेत पद सांभाळावं लागलं.

संध्याकाळी लांबलचक नोटीस आली. तिचा गाभा असा: ‘आपण राहात्या जागेत दणदण आवाज करुन फळांवर प्रक्रीया करता असे निदर्शणास आले आहे. तरी कारणे दाखवा.’ दणदण आवाज म्हणजे पळीचा. मला वाटलं, माफी मागून मोकळं व्हावं. माझं अक्षर गचाळ आणि बोटांना पट्ट्या. मी सासऱ्यांना म्हटलं, “बाबा, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. चार ओळी लिहून द्याल का?”

त्यांनी मान डोलावली, तासाभरानं बंद पाकीट हातात ठेवलं आणि मी ते सेक्रेटरींच्या पेटीत टाकून आलो. त्या रात्री मी शांत झोपलो. तशी झोप पुढे पंधरा दिवस आली नाही.

पाकिटात माफी नव्हतीच. त्यांचीच नोटीस होती, लाल पेन्सिलीनं तपासलेली. अकरा चुका, प्रत्येक चुकीला समासात खूण, आणि खाली मोत्यासारख्या अक्षरात: ‘दुरुस्त करून पुन्हा पाठवा.’

सेक्रेटरी वर आले नाहीत. ते सरळ अन्न परवाना कार्यालयात गेले.

तिकडे सासऱ्यांचं वजन उतरत होतं. पहिल्या शनिवारी एक्कावन्न, दुसऱ्या शनिवारी पन्नास आणि दोनशे ग्रॅम. “दोनशे ग्रॅम म्हणजे चष्मा आणि वही,” डॉक्टर म्हणाले. “पुढच्या शनिवारपर्यंत बघू. नाहीतर भरती करून घेऊ.” घरी येताना रिक्षात मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. सासऱ्यांची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. हा माणूस वीस वर्षं मला माझ्या चुकांवरूनच ओळखत आलाय, हे खरं. आमच्या लग्नपत्रिकेतसुद्धा त्यांना माझ्या बाजूच्या दोन चुका सापडल्या होत्या. पण त्या दिवशी पायऱ्या चढताना त्यांनी माझा खांदा धरला आणि त्यांच्या हाताला वजनच नव्हतं. मला एकदम भीती वाटली.

रविवारी मी काकांना दार वाजवून बोलावलं. आपण होऊन. आमच्या इमारतीच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. काका इतके गहिवरले, की त्यांना पाच मिनिटं थिअरीच सुचली नाही.

मग सुचली. भाजी चिरायच्या दोन फळ्या घ्यायच्या. मध्ये फडक्यात बांधलेली फळं. वर पाण्यानं भरलेला मोठा कुकर. खाली परात, फळी तिरकी. “घाई नाही, पिळापिळी नाही. वजन आपलं काम करतं. तुमचं चुकतं कुठे माहितेय? तुम्ही फळाशी भांडता.” द्राक्षं अशी दाबून ठेवली. तासाभरात परातीत नितळ, काचेसारखा रस जमला. तो मी दुहेरी फडक्यातून गाळला, फडक्याला हातसुद्धा न लावता. थेंब थेंब पडू दिला आणि स्टुलावर बसून बघत राहिलो. दावे नामंजूर करतानाही मी इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं.

सासऱ्यांनी पेला संपवला. पूर्ण. मग वही उघडून एकच शब्द लिहिला: ‘पुढे.’

मला काही कळेना. बायकोनं ते वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. “अहो, छापखान्यात ज्या पानावर एकही चूक सापडत नसे ना, त्या पानावर बाबा हे लिहायचे. चाळीस वर्षांत फार थोड्या पानांवर लिहिलंय.”

मी ते पान फाडून मागितलं. दिलं नाही. मागच्या बाजूला माझ्या चुका होत्या.

बुधवारी अननस होता. अननस आडदांड, कुकरला जुमानेना. तेव्हा काका म्हणाले, “थांबा, मी बसतो.” ते स्टुलावरून ओट्यावर चढले आणि रिकाम्या कुकरवर बसले. रस भरभर गळायला लागला. वर दोरीवर बारा फडकी वाळत होती, कोपऱ्यात सालींनी भरलेल्या तीन बादल्या, खिडकीत ओळीनं गाळण्या. त्याच क्षणी अन्न परवाना निरीक्षक आत आले. दार काकांनीच उघडं ठेवलं होतं, हवा खेळती राहावी म्हणून. तीही त्यांची थिअरी.

निरीक्षकांनी सगळीकडे पाहिलं, मग ओट्यावर पाहिलं. “हे कामगार?”

“शेजारी आहेत,” मी म्हणालो.

“पगारी?”

“छे हो! हौसेनं बसलेत.”

“विनावेतन काम,” त्यांनी लिहून घेतलं. “उत्पादन दिवसाला किती?”

“पाच पेले.”

“गिऱ्हाईकं?”

“एक. आतल्या खोलीत. माझे सासरे.”

“घाऊक गिऱ्हाईक,” ते म्हणाले आणि तेही लिहिलं. मी समजावून सांगितलं, डॉक्टरांचा कागद दाखवला. त्यावर ‘रस द्यावा’ असं होतं, ‘जावयानं काढावा’ असं नव्हतं. मी स्वतः असल्याच कारणांवरून किती दावे परत पाठवलेत, ते मला सगळे एकदम आठवले. “शुक्रवारी सुनावणी,” निरीक्षक म्हणाले. “खुलासा पटला नाही, तर स्वयंपाकघराला सील. आणि हे साहेब खाली उतरले की कुकर जप्त.”

काका दोन तास उतरले नाहीत. शेवटी निरीक्षकांनाच घाई झाली आणि कुकर वाचला. पण नोटीस राहिली. शुक्रवारी सील लागलं तर शनिवारच्या काट्यावर काय दिसणार, हे कुणाला सांगायला नको होतं.

शुक्रवारी मी सासऱ्यांना घेऊन त्या कार्यालयात गेलो. लांबच लांब व्हरांडा, बाकांवर माणसं, भिंतीवर ‘शांतता राखा’. ती पाटी मात्र शुद्ध होती, त्यामुळे सासरे शांत होते. आत एक अधिकारी, एक टंकलेखक आणि तक्रारदार म्हणून आमचे सेक्रेटरी, फिकट गुलाबी शर्टात.

“रस पिणारे हेच का?” अधिकाऱ्यांनी विचारलं. “जबाब द्या.”

सासऱ्यांनी वही पुढे केली. दीड पान लिहून आणलं होतं.

“लेखी नाही चालणार. नियमात तोंडी जबाब आहे.”

“साहेब, त्यांचा जबडा बांधलाय,” मी म्हणालो.

“मग जबडा सुटला की या. तोवर सील.”

“जबडा सुटल्यावर त्यांना रसाची गरजच नसेल!”

“मग सील काढू,” अधिकारी म्हणाले. त्यांच्या आवाजात दुष्टपणा अजिबात नव्हता. मी रोज ज्या आवाजात बोलतो, तोच होता तो.

मी हात जोडणार, तेवढ्यात शेजारून कुणीतरी बोललं. दारामागून कुणी कुरकुरावं तसा घोगरा, दातांतून आलेला आवाज.

“लिहा.”

सासरे होते. ओठ हलत होते, दात जागचे हलत नव्हते. टंकलेखकानं मशीनवर बोटं ठेवली.

“हे माझे जावई,” सासरे एकेक शब्द तारांतून बाहेर ढकलत म्हणाले. “यांचा रसाचा धंदा नाही. असूच शकत नाही. यांना संत्रं पिळता येत नाही. सफरचंद किसलं तर बोटं किसतात. डाळिंब घेतलं तर भिंत रंगवतात. अशा माणसाकडून रस विकत कोण घेईल?”

अधिकारी माझ्याकडे बघायला लागले. सेक्रेटरींनी, इतक्या दिवसांत प्रथमच, मान जोरजोरात हलवून आमच्या म्हणण्याला दुजोरा दिला. डाळिंबाबद्दल त्यांच्याइतका साक्षीदार दुसरा नव्हता.

“यांनी आयुष्यात एक काम नीट केलेलं,” सासऱ्यांनी श्वास घेतला, कपाळावर घाम होता, “मी पाहिलेलं नाही. संपलं.”

टंकलेखकानं कागद काढून वाचून दाखवला. “सदर जावयास फळांचा रस काढता येत नाही. सबब हा व्यवसाय नव्हे.” अधिकारी म्हणाले, “ठीक. प्रकरण बंद. पिणाऱ्यानं सही करायची, आणि ज्याच्याबद्दल जबाब आहे त्यानं ‘मजकूर मान्य’ लिहून खाली सही करायची.”

कागद आधी सासऱ्यांकडे गेला. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. म्हटलं, आता टंकलेखकाची चूक काढणार आणि सगळं मुसळ केरात. त्यांनी पहिल्या वाक्याच्या शेवटी खालून वर जाणारी खूण केली, सुटलेले शब्द घालायची, आणि समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मग सही करून कागद माझ्यापुढे सरकवला.

मी वाचलं. ‘सदर जावयास फळांचा रस काढता येत नाही, तरी ते रोज पाच वेळा काढतात.’

“मान्य आहे ना?” टंकलेखकानं विचारलं. “करा सही. मागे लोक उभे आहेत.”

माझा माणूस म्हणून, जावई म्हणून आणि विमा कंपनीतला एक जबाबदार कर्मचारी म्हणून इतका अपमान कधी झाला नव्हता. मी ‘मजकूर मान्य’ लिहिलं आणि सही केली. मग समासातली ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

जिना उतरताना मी विचारलं, “बाबा, म्हणजे इतके दिवस बोलता येत होतं तुम्हाला?”

त्यांनी एका हातानं कठडा धरला, दुसऱ्या हातानं गाल दाबला. मग पायरीवर थांबून वहीत लिहिलं, ‘फार दुखतं.’ आणि पुढे एकटेच उतरायला लागले.

शनिवारी काटा एक्कावन्नच्या जरा पुढे थांबला. डॉक्टरांनी चष्मा आणि वही बाजूला ठेवायला लावली होती, तरीही. घरी आल्यावर बायकोनं आदेशाची नक्कल हातात घेतली, खुर्चीत बसून सावकाश वाचली आणि इतकी हसली की पदर तोंडाशी धरावा लागला.

“म्हणजे तुम्हाला रस काढता येत नाही, हे आता सरकारदरबारी नोंदलं गेलं तर!”

“गेलं,” मी म्हणालो.

“शिक्क्यासकट?”

“शिक्क्यासकट.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “पाच वाजलेत. अननस कापायला घ्या, मी काकांना बसायला बोलावते.”